तिसरी शिडी

त्या मे महिन्यात भागवतकाकांच्या शिट्टीचा मला इतका राग यायचा, की रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी ती कानात वाजत राहायची. एक लांब, दोन आखूड. टँकमधली तेवीस पोरं काठाकडे वळायची, आणि वर गॅलरीत बसलेले आम्ही आईबाप एकमेकांकडे बघून सुस्कारा टाकायचो. गेली आजचीही बॅच.

आमचा टँक बंदिस्त आहे. पंचवीस मीटर लांब, सहा लेन, वर लोखंडी कैच्यांवर पत्र्याचं छप्पर, भिंतीत उंचावर काचेच्या खिडक्या. पाऊस आत येत नाही, वारा येत नाही. उन्हाळी शिबिर एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं आणि जून लागला की संपतं. पुण्यात वळीव येतो तोही नेमका याच दिवसांत. दुपारपर्यंत अंगाची लाही होते, चारच्या सुमारास पुरंदरच्या बाजूने काळे ढग चढू लागतात, पाच वाजले की गडगडाट. सईची बॅच साडेपाचची होती आणि पंचेचाळीस मिनिटांची.

काकांचा नियम साधा होता. ढगांचा आवाज कानावर आला की सगळ्यांनी बाहेर यायचं, आणि शेवटच्या आवाजानंतर पुरी तीस मिनिटं कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. मध्ये पुन्हा गडगडलं तर मोजणी परत शून्यापासून. पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचला एक गडगडाट पुरतो. त्यात बाहेर आलेल्या पोरांना ते शॉवरही घेऊ द्यायचे नाहीत. नळाला हात नाही, गॅलरीच्या लोखंडी कठड्याला टेकायचं नाही, भिंतीला पाठ लावायची नाही. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात मधोमध लाकडी बाकं टाकली होती, त्यांवर टॉवेल गुंडाळून बसायचं. क्लोरिनच्या वासाची, दात वाजवणारी पोरं, आणि त्यांच्यासमोर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे राहिलेले काका.

साठीला आलेला माणूस. धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात, पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला. पुण्यात येऊन जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि पंचवीस वर्षं त्या उंच खुर्चीवर बसला. खुर्चीत बसल्यावर ते कुणाशी बोलायचे नाहीत. कुणी काही विचारलंच, तर पाण्यावरची नजर न हलवता उत्तर द्यायचे. टँकचे पंप सतत घरघरत असल्यामुळे आत ढगांचा आवाज नीट पोहोचत नाही, म्हणून त्यांनी फाटकावरच्या वॉचमनला सांगून ठेवलं होतं: आभाळ वाजलं की मला हात कर. मोबाइलवर दामिनी ॲपही होतं. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ते तयार केलं आहे. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात कुठे विजा पडताहेत, ते त्यात दिसतं. पण काकांचा भरवसा कानावर जास्त. गडगडाट ऐकू येतो याचा अर्थच वीज साधारण पंधरा किलोमीटरच्या आत आहे, असं ते सांगायचे, आणि ते बरोबर होतं. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत जेवढे सेकंद जातात त्यांना तिनाने भागलं की किलोमीटर मिळतात, हेही सईला त्यांनीच शिकवलं.

अकरा दिवसांत पाच बॅचेस बुडाल्या. सई पन्नास मीटर फ्रीस्टाइलची तयारी करत होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात क्लबच्या संघाची निवड व्हायची होती आणि तिला दीड सेकंद कमी करायचा होता. दीड सेकंद म्हणजे काय, ते पोहणाऱ्या मुलांच्या आयांना विचारावं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे अर्ज लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मी तो मन लावून लिहिला. बंदिस्त जलतरण तलावात विजेच्या भीतीने पोहणं थांबवणं हे अवाजवी, अशास्त्रीय आणि पालकांच्या पैशाचा अपव्यय करणारं आहे, असं त्यात होतं. एकतीस सह्या झाल्या. ‘अशास्त्रीय’ हा शब्द लिहिताना मी क्षणभरही थबकले नव्हते.

व्यवस्थापनाने बैठक बोलावली. मॅनेजर, कमिटीचे दोघे, आम्ही सातआठ पालक, आणि दाराजवळ स्टुलावर काका. आमच्या बाजूने बोलायला अद्वैतचे बाबा होते. ते विद्युत अभियंता. कारखान्यांची अर्थिंगची कामं करून देणारी त्यांची स्वतःची छोटी कंपनी आहे. टँकवर आम्ही सगळे एकमेकांना मुलांच्या नावानेच ओळखतो. ते अद्वैतचे बाबा, मी सईची आई. हा माणूस आवाज चढवणारा नाही. त्यांनी कागदावर टँकचं चित्र काढलं आणि समजावून सांगितलं.

विजेच्या एका लोळात साधारण तीस हजार अँपिअरचा प्रवाह असतो, ते म्हणाले, आणि तो जिथून जातो तिथली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. त्यामुळे वीज ही खेळायची गोष्ट नाही हे मान्य. पण इमारतीवर वीजरोधक असतो. छपरावरून पट्टी खाली येते आणि जमिनीतल्या खड्ड्यात जाते. शिवाय टँकभोवतीचं सगळं लोखंड, म्हणजे काँक्रीटमधल्या सळया, शिड्या, कठडे, पंप, दिव्यांच्या पेट्या, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधलेलं असतं. वीज आलीच, तर सगळ्यावर दाब एकाच वेळी सारखा चढतो. दोन ठिकाणच्या दाबात फरकच नसेल, तर मधल्या माणसातून प्रवाह कशाला जाईल? अमेरिकेत यावर बराच वाद झाला आहे. तिथली विजेच्या सुरक्षिततेवर काम करणारी संस्था बंदिस्त तलावही बंद ठेवा म्हणते. उलट पोहण्याच्या सुरक्षेवर काम करणारे काही जाणकार म्हणतात, की बंदिस्त तलावात वीज लागून कुणी दगावल्याची एकही नोंद सापडत नाही. आणि आपल्याकडे २०२२ साली विजेने २,८८७ माणसं गेली, ती बहुतेक शेतात, झाडाखाली, मोकळ्यावर. छपराखाली पोहणारी नव्हेत.

यातलं काहीही खोटं नव्हतं, हे मला आजही नोंदवावंसं वाटतं. ते जे बोलले ते मनापासून आणि अभ्यासाने बोलले.

मॅनेजरने काकांकडे पाहिलं. काका उठून उभे राहिले.

“साहेब सांगतेत ते मला समजत न्हाई असं न्हाई,” ते म्हणाले. “पण एक सांगतो. मी आठवीत व्हतो. आमच्या रानात चिंचेवर वीज पडली. चिंचेखाली कुणीबी नव्हतं. बैलजोडी बांधावर, वीस पावलं लांब उभी. दोन्ही बैल जागच्या जागी बसले ते उठलेच न्हाईत. अंगावर डाग न्हाई, केस जळाला न्हाई. वडील त्येच्या अलीकडं, पाय जुळवून बसले व्हते. त्यान्ला निस्त्या मुंग्या आल्या. तवापासून मला येवढंच ठावं, वीज जिथं पडती तिथंच थांबत न्हाई. म्होरं कुठनं जाती ते तिला ठावं. मला जमिनीखालचं दिसत न्हाई, म्हणून मी लेकरं बाहेर काढतो.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. पण ती शांतता पटल्याची नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या दुःखापुढे आपण गप्प बसतो, तशी होती. मॅनेजर म्हणाले, “मंगळवारी कमिटी निर्णय घेईल, तोपर्यंत आहे तसं चालू द्या.” बाहेर पडताना मी एका आईला म्हणाले, की बैलांचं आणि टँकचं काय? ते वाक्य काकांनी ऐकलं असावं. ते माझ्या मागेच होते.

शुक्रवारी सहाला दहा कमी असताना आभाळ वाजलं.

सई त्या दिवशी सुंदर पोहत होती. प्रशिक्षक काठाने स्टॉपवॉच घेऊन चालत होते. मी वरून तिच्या हातांची लय बघत होते, आणि आज तो दीड सेकंद निघतोय असं मला वाटत होतं. शिट्टी झाली. एक लांब, दोन आखूड. पोरं निघाली. सई खोल भागाकडच्या तिसऱ्या शिडीपाशी आली, एका हाताने शिडी धरली आणि वर माझ्याकडे पाहिलं.

मी तळहात खाली दाबून तिला खूण केली: थांब.

एवढंच. दोन फेऱ्या राहिल्या होत्या. आवाज लांबचा होता. मंगळवारी निर्णय आमच्या बाजूने लागणारच होता.

सई थांबली. एक हात शिडीवर, गळ्यापर्यंत पाण्यात. बाकी सगळी बाहेर आली. काकांनी दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली. सईने पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि जागची हलली नाही. माझी मुलगी फार आज्ञाधारक आहे.

काका खुर्चीवरून उतरले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खुर्चीवर ठेवली, खिशातला मोबाइल त्याशेजारी ठेवला, आणि अंगावरच्या पिवळ्या टी-शर्टासकट उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून पाण्यात शिरले. हळूहळू पोहत ते तिच्यापाशी गेले आणि शेजारी पाणी तुडवत राहिले. पंपांच्या घरघरीवरूनही त्यांचे शब्द वर आले. पाण्यावरून आवाज लांबपर्यंत जातो.

“काका, तुम्ही का आत आलात?” सईने विचारलं.

“तू भाईर जाईस्तोवर माझी ड्यूटी आतच हाय, बाळा.”

तेवढ्यात खिडक्या पांढऱ्या झाल्या. मी नकळत मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. मग छपराचा पत्रा थरथरेल असा आवाज झाला. सव्वा किलोमीटर, फार तर दीड. वरचे दिवे एकदा मिचकले. सई क्षणात शिडी चढून बाहेर गेली. काका तिच्यामागून वर आले, आणि ती टॉवेल घेत असताना तिला म्हणाले, “शिट्टी ऐकू आली न्हाई व्हय? त्या टोपीनं कान झाकत्यात. व्हतं तसं.”

मग ते बाकावर बसले. पोरं मोजली. तेवीस. मी गॅलरीतून खाली आले होते, त्यांच्यापासून पाचसहा पावलांवर उभी होते. घड्याळ बघायला त्यांनी मनगट वर केलं, तेव्हा त्यांचा हात कापत होता. पाणी काही इतकं गार नव्हतं.

अद्वैतचे बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनीही तो हात पाहिला.

काहीच झालं नाही, असं त्या संध्याकाळबद्दल कुणीही म्हणेल. पाऊस पडला, थांबला, आम्ही घरी गेलो. रात्री जेवताना सईने विचारलं, “आई, काका घाबरले होते ना?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मग आले का?” मी तिच्या ताटात भात वाढला. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी दहा वाजता अद्वैतच्या बाबांचा फोन आला. “सईची आई, जमलं तर टँकवर या.”

ते सातपासून तिथे होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. आपला एक वायरमन आणि दोन मीटर घेऊन आले होते. मला त्यांनी आधी इमारतीच्या मागे नेलं. छपरावरून उतरलेली जस्त चढवलेली पट्टी जिथे जमिनीत जाते, तिथे सिमेंटचं झाकण होतं. झाकण उघडलं होतं. अशा खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरतात आणि वरून पाणी घालत राहावं लागतं, ते सांगत होते. माती ओली असेल तरच ती वीज पोटात घेते. आत माती भेगाळली होती. पावसाळ्यात आपोआप ओली होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वळीव मात्र पावसाळ्याच्या आधी येतो, जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हा. वीजरोधकाच्या अर्थिंगचा रोध दहा ओहमच्या आत हवा. मीटरने बेचाळीस दाखवला होता.

“हे दुरुस्त होईल,” ते म्हणाले. “तुम्हाला दुसरं दाखवायचंय.”

आत टँकवर कुणी नव्हतं. पाणी इतकं स्थिर होतं, की तळाच्या काळ्या रेघा सरळ दिसत होत्या. वायरमनने मीटरची एक तार पंपाच्या खोलीतल्या तांब्याच्या पट्टीला जोडून ठेवली होती, आणि दुसरं टोक घेऊन तो एकेका शिडीला लावत होता. मला बोलावण्याआधी हे सगळं झालेलं होतं. माझ्यासाठी त्यांनी पुन्हा करून दाखवलं. पहिली शिडी: मीटर वाजला. दुसरी शिडी: वाजला. चौथी: वाजला. मग ते तिसरीपाशी गेले.

मीटर गप्प.

वायरमनने टोक घासून पुन्हा लावलं. शिडीच्या वरच्या दांड्याला, मग पायरीला, मग पायाच्या बोल्टला. गप्प.

“दोन वर्षांपूर्वी जुनी गंजली म्हणून ही नवी बसवली,” अद्वैतचे बाबा म्हणाले. ते शिडीपाशी उकिडवे बसले होते. काठाची एक फरशी त्यांनी उचलली होती. खाली सिमेंटमधून तांब्याच्या तारेचं तुटकं टोक वर आलं होतं, क्लोरिनने हिरवंगार झालेलं. “जुनीची तार कापली, नवीला कुणी जोडलीच नाही. वर फरशी बसवली. झाकलं गेलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाकी सगळं लोखंड एकमेकांचा हात धरून उभं आहे आणि ही एकटी आहे. बाहेर वीज पडली आणि पाइपांतून, सळयांतून आत आली, तर त्या सगळ्यांवर दाब चढेल. हिच्यावर चढेल, पण सारखा नाही. पाण्यात एक, शिडीवर दुसरा.” ते थोडा वेळ थांबले. “काकांच्या बैलांचं तेच झालं होतं. पुढचे पाय एका जागी, मागचे पाच फूट लांब. जमिनीतून वीज पसरली, दोन्हीकडच्या दाबात फरक पडला आणि प्रवाह अंगातून गेला. वडिलांचे पाय जुळलेले होते, म्हणून ते वाचले. मी त्या दिवशी चित्र काढून जे सांगत होतो, ते ह्या माणसाने आठवीत पाहिलेलं होतं. मी ऐकलं नाही. मला ती एक गोष्ट वाटली.”

मी शिडीकडे बघत होते. वरचा गोल दांडा, पोरांच्या हातांनी चकचकीत झालेला.

“काल सईचा हात इथे होता,” मी म्हणाले.

“हो.”

“मी तिला थांब म्हणून खूण केली होती.”

ते माहीत नसल्यासारखे वर बघतील असं मला वाटलं. तसं झालं नाही. “मी बैठकीत म्हणालो होतो, सगळं बांधलेलं असतं,” ते म्हणाले. “असतं म्हणालो. आहे का, ते पाहिलं नव्हतं. हे माझं रोजचं काम आहे. वर्षातून दोनशे ठिकाणी मी हे तपासतो. माझा मुलगा ज्या पाण्यात पोहतो, तिथे तपासलं नाही.”

मी वीस वर्षं मुलांना क्रियापदं शिकवते आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी शंभर अंशांवर उकळतं, शिड्या तारेने बांधलेल्या असतात. ‘असतं’ हे सगळ्या जगाबद्दल बोलतं आणि समोरच्या एका वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. समोरच्या वस्तूसाठी ‘आहे’ लागतं, आणि ‘आहे’ म्हणायचं तर जाऊन बघावं लागतं. हा फरक मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल. अर्ज लिहिताना मात्र तो माझ्या हातातून निसटला होता.

अद्वैतच्या बाबांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली आणि ती मीही इथे स्पष्ट लिहिते. ती तार जोडलेली नसताना वीज इमारतीवर पडलीच असती आणि त्या क्षणी कुणी शिडीला धरून असतंच, तर काय झालं असतं, हे कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. कदाचित काही झालं नसतं. दोन वर्षं काही झालं नव्हतं. पण त्या दोन वर्षांत प्रत्येक वळवाला, पहिल्या आवाजाला, कुणीतरी पोरांना पाण्याबाहेर काढत होतं. काही झालं नाही याचं श्रेय छपराला द्यायचं, नशिबाला द्यायचं की त्या शिट्टीला, हे कुठल्याच मीटरवर कळत नाही. आम्ही ते छपराला देऊन मोकळे झालो होतो.

काका बाराला ड्यूटीवर आले. अद्वैतच्या बाबांनी त्यांना हिरवं टोक दाखवलं. काकांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, “ह्ये मला ठावं नव्हतं.” त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ‘बघा, मी म्हणत होतो’ असा एक शब्दही त्यांनी काढला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर उलट भीतीच होती, दोन वर्षं मागे जाऊन एकेक संध्याकाळ आठवत असल्यासारखी.

मी त्यांना बाजूला बोलावलं. म्हटलं, “काका, काल सईला शिट्टी ऐकू आली होती.”

“व्हय,” ते म्हणाले. “तुम्ही वरून हात केला, तो मी बघितला व्हता.”

“मग तुम्ही तिला टोपीचं का सांगितलंत?”

काकांनी पाण्याकडे पाहिलं. “ताई, लेकरू आईचं ऐकतं. त्याला आई चुकली म्हणून सांगायचं, तर उद्या त्यानं ऐकायचं कुणाचं? ते तुम्हीच सांगा तिला. माझं काम न्हाई त्ये.”

मी त्या रात्री सईला सांगितलं. सगळं, खुणेसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, की काकांना हे माहीत होतं का. मी हो म्हटल्यावर ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी उठल्यावर ती नेहमीसारखी होती, पण दोनतीन दिवस माझ्याशी बोलताना तिने माझ्या हातांकडे पाहिलं नाही. ते मला सोसावं लागलं आणि सोसायला हवंच होतं.

मंगळवारच्या बैठकीत मी दुसरा अर्ज दिला. पहिला मागे घेतला. एकतीस सह्या पुन्हा गोळा करायला दोन दिवस लागले; अठ्ठावीसच मिळाल्या. तिघांना अजूनही पटलेलं नव्हतं आणि त्यांच्याशी मी भांडले नाही. या वेळी अद्वैतचे बाबा आणि मी मिळून लिहिलं होतं, आणि एकही गोष्ट प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय लिहिली नव्हती. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आधी आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाआधी, टँकमधल्या प्रत्येक लोखंडाची मीटर लावून तपासणी करायची आणि आकडे वहीत लिहायचे. कुठलीही शिडी, कठडा, दिवा बदलला की तार जोडल्याचं बघून सही केल्याशिवाय फरशी बसवायची नाही. मे महिन्यात पोरांच्या बॅचेस सकाळी साडेसहाला ठेवायच्या. वळीव सहसा दुपारनंतरच येतो, हे घरातल्या आजीलाही माहीत असतं. आणि शिट्टी कधी वाजवायची, हे खुर्चीवरच्या माणसाने ठरवायचं. त्याला मॅनेजरने, प्रशिक्षकाने किंवा गॅलरीतून कुणीही अडवायचं नाही.

शेवटच्या मुद्द्यावर एकाने विचारलं, “आता तर सगळं जोडलं. तपासलंसुद्धा. मग शिट्टी कशाला?”

अद्वैतचे बाबा म्हणाले, “शनिवारपर्यंत मलाही वाटत होतं, की सगळं जोडलेलं आहे.” आणि मग त्यांनी अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राची एक सूचना सांगितली, जी त्यांना आधीही माहीत होती आणि त्यांनी पहिल्या बैठकीत सांगितली नव्हती: वीज कडाडत असताना घरातसुद्धा आंघोळ करू नका, भांडी घासू नका, हात धुऊ नका, काँक्रीटच्या भिंतीला टेकू नका. नळाच्या पाइपांतून आणि भिंतीतल्या सळयांतून वीज आत येऊ शकते. “हे मी त्या दिवशी बोललो नाही,” ते म्हणाले. “माझ्या बाजूचं नव्हतं, म्हणून.” मोठ्या माणसांच्या बैठकीत असं वाक्य मी फार क्वचित ऐकलं आहे.

सईची निवड त्या वर्षी झाली नाही. सात दशांश सेकंद राहिले.

सकाळच्या बॅचला आम्ही सव्वासहालाच पोहोचतो. तेव्हा ऊन पत्र्यावर यायचं असतं आणि टँकच्या मागच्या बाजूला चिमण्यांचा कालवा असतो. काका आमच्याआधी आलेले असतात. खुर्चीवर चढण्यापूर्वी ते दोन बादल्या भरून मागे नेतात, सिमेंटचं झाकण सरकवतात आणि सावकाश, रोपाला घालावं तसं पाणी घालतात. सई एक दिवस त्यांच्यामागून गेली आणि त्या चौकोनी खड्ड्यात वाकून बघू लागली.

“काका, इथे काय पेरलंय?”

काकांनी दुसरी बादली ओतली. माती भिजून काळी होईपर्यंत बघत राहिले. मग झाकण नीट बसवलं, पायाने दाबून पाहिलं आणि रिकामी बादली तिच्या हातात दिली.

“चल,” ते म्हणाले. “पोरं आली.”